घाऊक गिऱ्हाईक आधी: खोपोलीची वीज आणि ग्राफिक्स कार्डांची रांग

आजच्या भागाचा विषय एका श्रोत्याने दिलाय. हा मुलगा खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीचा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री थ्रीडी ॲनिमेशन शिकतो. त्याने पाठवलेला व्हॉइस मेसेज थोडक्यात सांगतो. "दादा, दीड वर्ष पैसे साठवले. कार्ड घ्यायची वेळ आली तर भाव वर गेलेला. आता रॅमही महागली. दुकानदार म्हणतो, माल सगळा डेटा सेंटरवाल्यांकडे जातो, आपल्यासाठी उरतच नाही. तुम्ही इतिहासाचं बोलता म्हणून विचारतो, असं आधी कधी झालंय का? आणि झालं असेल तर पुढे काय झालं?"

प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. असं आधी झालंय का, तर हो, झालंय. आणि ते शोधायला कॅलिफोर्निया किंवा तैवानला जावं लागत नाही. कुंभिवलीच्याच तालुक्यात, खोपोलीला, शंभर वर्षांपूर्वी हेच घडलंय. तिथे माल होता वीज.

आधी आजची परिस्थिती आकड्यांत बघू, मग मागे जाऊ.

ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात सगळ्यात मोठं नाव एनव्हिडिया. २०२२ च्या जानेवारीत संपलेल्या आर्थिक वर्षात या कंपनीची गेमिंगमधली, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना विकलेल्या कार्डांची कमाई होती सुमारे १२.५ अब्ज डॉलर. डेटा सेंटरची कमाई होती १०.६ अब्ज. म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक तेव्हा थोडं पुढेच होतं. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, गेमिंग ११.३ अब्जांच्या आसपास राहिलं आणि डेटा सेंटर गेलं ११५ अब्जांवर. कंपनीच्या एकूण १३०.५ अब्जांत आपला वाटा शंभरात नऊसुद्धा उरला नाही. आपण कमी विकत घेतलं असं फारसं नाही. शेजारचा माणूस दहापट मोठा झाला.

मेमरीचंही तेच. मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की 'क्रुशल' या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा धंदा ती बंद करतेय. जवळपास तीस वर्षं चाललेला ब्रँड. कारणही उघड सांगितलं: डेटा सेंटरची मागणी वाढलीय, मोठ्या ग्राहकांना माल पुरवायचाय. याच मायक्रॉनचा कारखाना गुजरातेत साणंदला उभा राहिलाय, तेव्हा ही गोष्ट फार दूरची आहे असंही म्हणता येत नाही.

आता हा मोठा गिऱ्हाईक पुढे का जातो? यात द्वेष नाही, कट नाही. सिलिकॉनच्या चकतीचा हिशोब आहे. एनव्हिडियाची एच-१०० ही एआयची चिप आणि आरटीएक्स ४०९० ही गेमिंगची चिप, दोन्ही तैवानच्या टीएसएमसी कंपनीत एकाच पद्धतीच्या प्रक्रियेवर बनल्या. एच-१०० चा आकार ८१४ चौरस मिलिमीटर, ४०९० चा सुमारे ६०९. म्हणजे एक दुसरीच्या सव्वापटीहून थोडी मोठी. पण ४०९० च्या कार्डाची जाहीर किंमत होती १,५९९ डॉलर आणि एच-१०० बाजारात जात होतं २५ ते ३० हजार डॉलरच्या आसपास. वर चढणारी मेमरी वेगळी, पॅकिंगचा खर्च वेगळा, हे सगळं धरलं तरी फरक केवढा. तुमच्याकडे एक एकर ओलिताची जमीन असेल आणि एका पिकाला दुसऱ्याच्या पंधरापट भाव असेल, तर तुम्ही काय लावाल?

मेमरीतही जमीन एकच आहे. एआयच्या चिपांना लागणारी एचबीएम नावाची मेमरी बनवायला, तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमपेक्षा साधारण तिप्पट वेफर खर्ची पडतो. एचबीएमची एक ऑर्डर घेतली की साध्या रॅमच्या तीन ऑर्डरींची जागा जाते. म्हणून कुंभिवलीच्या मुलाची रॅम महागते. त्याचा आणि एआयचा थेट काही संबंध नसताना.

हा झाला आजचा हिशोब. आता चला खोपोलीला.

खोपोलीत उभं राहून घाटाकडे पाहिलं की डोंगरावरून उतरणारे मोठे नळ दिसतात. आपल्याला त्यांची इतकी सवय झालीय की कुणी मान वर करत नाही. लोणावळ्याच्या पठारावर पाऊस प्रचंड पडतो आणि पठाराची कड पाचशे मीटरहून जास्त सरळ खाली तुटते. पाणी वर अडवायचं, नळातून खाली सोडायचं, खाली चाकं फिरवायची. कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली, पण ते १९०४ मध्ये गेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवण धरणाची पायाभरणी झाली. बरोबर चार वर्षांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, त्यांच्यानंतर आलेल्या गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला.

ही वीज गेली कुठे? खोपोलीहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, मुंबईत परळला. एक लाख व्होल्टच्या तारांवरून, रायगडातली (तेव्हाचा कुलाबा जिल्हा) आणि ठाण्यातली गावं ओलांडून, खाली कुठेही न उतरता. परळ म्हणजे गिरणगाव. मुंबईत तेव्हा ऐंशीच्या आसपास कापडगिरण्या होत्या आणि त्या कोळशाच्या वाफेवर चालत होत्या. मुंबईजवळ कोळसा नाही. तो बंगालमधून रेल्वेने किंवा परदेशातून बोटीने यायचा. महाग, धुरकट आणि भरवशाचा नाही. खोपोलीची वीज मुळात या गिरण्यांसाठी होती.

मी इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे ही गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. एक: टाटांनी दूरदृष्टीने देशाला वीज दिली. दुसरी: भांडवलदारांनी आमचं पाणी नेलं आणि आम्हाला अंधारात ठेवलं. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींत हिशोब नाही.

हिशोब असा. धरणं, बोगदे, नळ, यंत्रं, तारा, सगळा खर्च पहिल्या युनिटच्या आधी करावा लागतो. जलविद्युत केंद्राला कोळसा लागत नाही, म्हणजे चालवायचा खर्च किरकोळ, पण उभारायचा डोंगराएवढा. अशा वेळी पैसे घालणारा विचारतो की गिऱ्हाईक कोण, किती घेणार आणि किती वर्षं घेणार? गिरणीवाला सांगू शकत होता, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतके अश्वशक्ती, इतक्या वर्षांचा करार. खालापुरातलं घर काय सांगणार? संध्याकाळी दोन दिवे, आठला बंद. त्यासाठी वेगळी लहान तार, खांब, ट्रान्सफॉर्मर, मीटर आणि पैसे गोळा करायला माणूस. एक लाख व्होल्टची तार घरात उतरवता येत नाही. ती उतरवायला मध्ये उपकेंद्र लागतं आणि त्या उपकेंद्राचा खर्च दोन दिव्यांतून निघत नाही.

आता हेच एआयच्या कंपन्यांना लावून बघा. अब्जावधी डॉलरचा कारखाना, आधी घातलेला पैसा, आणि समोर एक क्लाउड कंपनी जी म्हणते, पुढच्या दोन वर्षांचा माल मला द्या, आगाऊ रक्कम घ्या. दुसऱ्या बाजूला लाखो पोरं, प्रत्येकाला एक कार्ड, तेही दिवाळीच्या सेलमध्ये. शंभर वर्षांत हिशोबाची पद्धत बदललेली नाही.

पुढे काय झालं तेही बघा. पहिल्या केंद्राची वीज पुरेना, तेव्हा कर्जतच्या बाजूला भिवपुरीला आंध्र खोऱ्याचं पाणी उतरवलं. ते केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. मग मुळशीचं पाणी आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरवलं, ते १९२७ मध्ये. तीन केंद्रं, तिन्ही आजच्या रायगडात, आणि तिन्हींचं मोठं गिऱ्हाईक मुंबई. मुळशीला तर शेतकऱ्यांनी लढा दिला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती आणि जमीन संपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने होता. लढा हरला, धरण झालं. बापटांना सेनापती हे नाव त्याच लढ्याने दिलं.

म्हणजे रांगेतला क्रम फक्त 'आधी कोण, मग कोण' एवढाच नव्हता. कुणाची जमीन जाते आणि कुणाच्या घरी दिवा लागतो, हेही त्याच क्रमात ठरत होतं.

मग रेल्वे आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. १९२९-३० पर्यंत विजेच्या तारा घाट चढून पुण्याला पोहोचल्या. रेल्वेने त्यासाठी कल्याणजवळ स्वतःचं वीजकेंद्रही उभारलं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, विजेच्या इंजिनावर. कर्जत स्टेशनातून ती जायची. आजूबाजूच्या खेड्यांत तेव्हा रॉकेलच्या चिमण्या होत्या. गिरणी हे पहिलं घाऊक गिऱ्हाईक, रेल्वे दुसरं. घराचा नंबर अजून लागलेला नव्हता.

मुंबईतल्या घरांचं काय? त्यांच्यासाठी मध्ये एक कंपनी होती, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. आजची आपली बेस्ट. ट्राम तिने १९०७ मध्येच विजेवर आणली होती, स्वतःच्या वीजघरावर. पुढे ती टाटांकडून घाऊक वीज घेऊन घरांना, दुकानांना किरकोळ विकू लागली. बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा. बनवणाऱ्याला लहान गिऱ्हाइकाचं तोंडही बघावं लागत नव्हतं. आणि ही सवय किती मुरली बघा: टाटा पॉवरने मुंबईत लहान ग्राहकांना थेट वीज विकायची की नाही, तिचा जुना परवाना फक्त घाऊकपुरता की किरकोळचाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला जुलै २००८ मध्ये. न्यायालय म्हणालं, १००० केव्हीएपेक्षा कमी मागणी असलेल्या ग्राहकांनाही कंपनी वीज देऊ शकते. १९१५ ला पुरवठा सुरू, २००८ ला हा निकाल. त्र्याण्णव वर्षं.

आता कुंभिवलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पुढे काय झालं? खेड्यापर्यंत वीज आली कशी?

१९४७ मध्ये देशभरात वीज असलेली खेडी होती सुमारे १,५००. साडेपाच लाखांच्या वर खेड्यांपैकी. बत्तीस वर्षं खोपोलीचं केंद्र चालू होतं, कंपनी नफ्यात होती, तंत्रज्ञान सिद्ध झालं होतं. तरी रांग आपोआप पुढे सरकली नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण आज आपल्याला नेमकं उलटं सांगतात: थांबा, मोठ्यांची गरज भागली की उरलेलं तुमच्याकडे येईल.

बदल झाला तो कायद्याने. १९४८ मध्ये वीजपुरवठा कायदा आला आणि राज्यांची वीज मंडळं निघाली. मुंबई राज्याचं मंडळ १९५४ चं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. खेड्यांना वीज देण्यासाठी कर्ज पुरवणारं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ मध्ये निघालं. दर ठरवताना कारखाने आणि दुकानं यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त घ्यायचं आणि त्यातून शेतीपंप आणि गरीब घरांना स्वस्त द्यायचं, ही पद्धत रुजली. १९१५ मध्ये मोठं गिऱ्हाईक पहिलं आणि लाडकं होतं. १९७५ पर्यंत मोठं गिऱ्हाईक लहानाचं बिल भरत होतं. क्रम उलटा झाला असं मी म्हणणार नाही, पण हिशोबाची वही बदलली.

१९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. मग २००३ चा वीज कायदा, कलम ४३: कुणीही अर्ज केला की वीज कंपनीने साधारण एका महिन्याच्या आत जोडणी द्यायची. तुमचं घर फायद्याचं आहे की तोट्याचं, हा प्रश्नच कायद्याने काढून टाकला. आज कुंभिवलीत मीटर आहे तो कुणाच्या दयेने नाही, या कलमाच्या जोरावर आहे.

मी हे गोड करून सांगत नाहीये. मंडळांना तोटा झाला, चोरी झाली. आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत टंचाई आली तेव्हा पुन्हा जुनाच क्रम दिसला: मुंबई भारनियमनातून सुटलेली आणि खेड्यांत तासन्‌तास अंधार. तुमच्यातल्या अनेकांनी दहावीचा अभ्यास तेव्हा मेणबत्तीवर केलाय. टंचाई आली की रांग परत पहिल्यासारखी लागते. म्हणून नियम लिहून ठेवावे लागतात, आणि लिहिलेले नियम पाळले जातात की नाही हेही बघावं लागतं.

आता परत कार्डांकडे येऊ, कारण इथे एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

खोपोलीची सुरुवात घाऊक गिऱ्हाइकाने झाली आणि किरकोळ मागून आलं. एनव्हिडियाचा प्रवास उलटा. १९९३ मध्ये निघालेली ही कंपनी मोठी झाली ती गेम खेळणाऱ्या पोरांच्या पैशावर. १९९९ चं जीफोर्स २५६, त्यानंतरची कार्डं, ही सगळी लहान लहान रकमांची खरेदी होती. २००६ मध्ये कंपनीने 'कुडा' आणलं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर साधी गणितंही चालवायची सोय. त्याचा खर्च अनेक वर्षं गेमिंगच्या धंद्यानेच पेलला.

आणि मग २०१२. टोरंटो विद्यापीठातला ॲलेक्स क्रिझेव्हस्की हा विद्यार्थी, त्याचा सहकारी इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे प्राध्यापक जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क बनवलं. ते शिकवलं कशावर? जीटीएक्स ५८० या गेमिंगच्या दोन कार्डांवर. प्रत्येकी ३ जीबी मेमरी. कॉम्प्युटर होता क्रिझेव्हस्कीच्या घरी, खोलीत. पाच-सहा दिवस मशीन चालली. त्या वर्षीची इमेजनेट स्पर्धा या नेटवर्कने एवढ्या फरकाने जिंकली की आजच्या एआयच्या लाटेची सुरुवात लोक तिथून मोजतात.

विचार करा. आज ज्या लाटेमुळे दुकानातलं कार्ड गायब झालंय, ती लाट दुकानातल्या कार्डावरच उभी राहिली. २०१२ मध्ये ती दोन कार्डं फक्त घाऊक गिऱ्हाइकाला मिळत असती, तर ते काम त्या खोलीत झालं नसतं. कदाचित कुठे तरी, कुणी तरी, नंतर केलंच असतं. पण त्या मुलाने, त्या वर्षी केलं नसतं.

माझ्या मते या गोष्टीत खरी किंमत इथे आहे. गेम खेळायला मिळाला नाही तर आयुष्य बिघडत नाही. कार्ड म्हणजे काही घरातला दिवा नाही, त्याला कलम ४३ लावा असं मी म्हणणार नाही. पण शिकणाऱ्याच्या हातात स्वतःचं यंत्र असणं, रात्री दोनला कुणाची परवानगी न घेता काहीतरी चालवून बघता येणं, बिघडलं तर पुन्हा करता येणं, हे ज्या वर्षी परवडत नाही त्या वर्षी नेमकं काय बुडालं ते कधीच मोजता येत नाही. न घडलेल्या गोष्टीचा ताळेबंद कुणी छापत नाही.

कुणी म्हणेल, ही टंचाई पहिली नाही. बरोबर. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये क्रिप्टो खोदणाऱ्यांनी कार्डं उचलली होती. तेव्हा एनव्हिडियाने काही गेमिंग कार्डांत मुद्दाम मर्यादा घातली, जेणेकरून त्यांवर खोदकाम हळू चालेल. खोदणाऱ्यांसाठी वेगळा माल काढला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने ती पद्धतच सोडली आणि मागणी बसली. म्हणजे कंपनीने ठरवलं तर किरकोळ गिऱ्हाइकासाठी कुंपण घालता येतं, हे आपण पाहिलंय. फरक असा की खोदणारे आज आहेत, उद्या नाहीत, असे होते. आताचं घाऊक गिऱ्हाईक करार करून, आगाऊ पैसे देऊन येतं. ते गिरणीसारखं आहे.

मग आपल्यासमोर वाट कोणती? मला वाटतं, बेस्टची वाट. म्हणजे काय ते सांगतो.

१९१५ च्या गिरणीमालकांना वाटत होतं, स्वतःचं बॉयलर म्हणजे स्वातंत्र्य. हळूहळू कळलं की वीज मीटरवर घ्यायची असते, वीजघर घरात ठेवायची गरज नाही. आज गणनशक्तीचंही तेच होऊ घातलंय. मोठ्या कंपन्या चिपा घाऊक घेतात आणि आपल्याला तासावर भाड्याने देतात. खोपोलीहून पनवेलकडे जुन्या महामार्गाने निघालात की वाटेत हिरानंदानींची वसाहत लागते. तिथे २०२० पासून योट्टाचं डेटा सेंटर आहे. मार्च २०२४ मध्ये एच-१०० चिपांची पहिली मोठी खेप, सुमारे चार हजार, त्यांच्याकडे आली. म्हणजे कुंभिवलीच्या मुलाला जे कार्ड दुकानात मिळत नाही, त्याचे थोरले भाऊ हजारोंनी त्याच्या घरापासून तासाभराच्या आत बसलेत. पुन्हा तेच: माल शेजारी, तार डोक्यावरून.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली, दहा हजार कोटींहून जास्त रकमेची. त्यातून अशाच खाजगी केंद्रांतल्या चिपा संशोधक, विद्यार्थी आणि नव्या कंपन्यांना सवलतीत भाड्याने मिळतात. दर तासाला सरासरी ६५ रुपयांच्या आसपास. हे चांगलं पाऊल आहे. कर्जत-खालापूरच्या कॉलेजांतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी ते पोर्टल एकदा तरी उघडून बघावं, अर्ज करावा. रांगेत उभं राहिल्याशिवाय रांग किती लांब आहे ते कळत नाही.

पण मीटर म्हटला की मला पुढचे प्रश्न पडतात आणि ते विजेच्या इतिहासातूनच येतात. दर कोण ठरवणार? टंचाई आली की आधी कुणाचं तोडणार? तक्रार कुणाकडे करायची? विजेला या प्रश्नांची उत्तरं मिळायला ८४ वर्षं लागली. खोपोली १९१५ ची, नियामक आयोग १९९९ चा. भाड्याच्या गणनशक्तीला अजून असा आयोग नाही. कंपनीने उद्या भाव दुप्पट केला, तर तुम्ही सेवा सोडू शकता, एवढंच. आणि स्वतःचं कार्ड विकत घ्यायचा पर्यायही हातातून गेला, तर सोडून जाणार कुठे? म्हणून भाड्याची सोय हवी आणि दुकानातला मालही हवा. बेस्ट आली म्हणून कुणी घरातला कंदील फेकून दिला नव्हता.

सरकार मोठ्या चिप कारखान्यांना अनुदान देतं, साणंदच्या मायक्रॉनलाही दिलंय. जनतेच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या कारखान्याला एक अट घालता येईल: मालाचा ठराविक हिस्सा देशातल्या किरकोळ बाजारात, शाळा-कॉलेजांना, वाजवी दरात. जमीन, पाणी, वीज, पैसा आपला असेल तर रांगेतली एक जागा मागणं हा हट्ट होत नाही. मुळशीच्या लोकांना ती मागायची संधीच मिळाली नव्हती.

आता शेवटी, या मुलासाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिली: अगदी वरचं कार्ड डोक्यातून काढ. शिकायला मेमरी जास्त असलेलं जुन्या पिढीचं कार्ड पुरतं. सेकंडहँड घेताना मात्र ते समोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून बघ, पंख्याचा आवाज ऐक, तापमान बघ, बिल माग. दुसरी: मोठं रेंडर भाड्याच्या मशीनवर टाक, रोजचा सराव घरच्या मशीनवर कर. दोन्हींचा खर्च वहीत लिहीत जा. सहा महिन्यांनी तुझं तुलाच कळेल, विकत घेणं परवडतं की भाडं.

आणि बाकी सगळ्यांसाठी एक माहिती, जी मला स्वतःला फार आवडते. खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईला गेली, पण चाकं फिरवून झालेलं पाणी खालीच राहिलं. ते पाताळगंगेत सुटतं. पावसाळा संपल्यावर जी नदी आटायला हवी, ती त्या पाण्यावर वाहते. पुढे त्या पाण्यावर रसायनीचे कारखाने आले, गावांच्या पाण्याच्या योजना आल्या. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि खालची शहरं ते पितात. घाऊक गिऱ्हाइकाच्या कामातून उरलेलं लहानांच्या कामी येतं, हे खरं आहे. पण तेही आपोआप नाही. नदीच्या पाण्यावर हक्क कुणाचा, नळ कुठे, कारखान्याचं सांडपाणी कुठे, यावर या खोऱ्यातली गावं वर्षानुवर्षं भांडत आलीत. जिथे भांडली, तिथे नळ आला.

पुढच्या भागात आपण याच पाताळगंगेच्या काठाने खाली जाऊ. तुमच्या गावात वीज कोणत्या साली आली, पहिला दिवा कुणाच्या घरी लागला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ही माहिती कुठल्याही सरकारी कागदात इतकी नीट मिळत नाही, आणि सांगणारी माणसं कमी होत चाललीत. वाट बघतो.